जिजाजींचे अठ्ठावीस घोडे

माझे जिजाजी दातांचे डॉक्टर आहेत. ताईच्या लग्नाला सव्वीस वर्षं झाली आणि इतक्या वर्षांत या माणसाने एकदाही लाल सिग्नल तोडलेला मी पाहिला नाही. इंदूरच्या सुदामा नगरात त्यांचा दवाखाना आहे. नवीन पेशंट आला की ते आधी त्याला समजावतात, टीव्हीवर दाखवतात ती दात पांढरे करणारी पेस्ट घेऊ नका, सगळी फसवाफसवी असते. अशा माणसाने पन्नाशी उलटल्यावर एक लाल, दोन सीटांची स्पोर्ट्स कार घेतली. भोपाळच्या कुणाकडून तरी, वापरलेली.

ताईचा मला फोन आला. "तुझ्या जिजाजींनी गाडी आणली आहे. तिच्यात आधी पाय टाकायचा की डोकं, हेच मला समजत नाहीये. आणि आपल्या गल्लीतले ब्रेकर ती सरळ पार करत नाही, तिरकी होऊन करते. मागचे लोक हॉर्न वाजवून वाजवून थकतात."

घर ते दवाखाना हे अंतर दीड किलोमीटर. त्यात सात ब्रेकर, एक भाजीबाजार आणि उलट्या बाजूने येणाऱ्या ई-रिक्षा. जिजाजी रोज सकाळी ती गाडी काढायचे, तिसरा गिअर न टाकता दवाखान्यात पोचायचे आणि उतरल्यावर वळून एकदा तिच्याकडे पाहायचे. ताईच्या मते तिच्याकडे त्यांनी असं वळून कधीच पाहिलं नव्हतं. हे ती हसत सांगायची, म्हणून मीही हसायची.

माझ्या कामाबद्दल सांगायला हवं. मी पिथमपूरच्या एका वाहनांच्या कारखान्यात इंजिन-चाचणी विभागात आहे. अठरा वर्षं झाली. बंद खोलीत इंजिन बसवायचं, ते मोजयंत्राला जोडायचं, हवा, तेल, पाणी सगळ्यांचं तापमान ठरलेल्या जागी आणायचं आणि मग ते किती ताकद देतं ते मोजायचं. ऐकायला सोपं वाटतं. एकदा आम्ही सहा जणांनी एका इंजिनाच्या हवेच्या नळीवर अर्धं वर्ष घालवलं आणि दोन हॉर्सपॉवर मिळवली. त्या दिवशी आमच्या साहेबांनी स्वतः जाऊन कचोऱ्या आणल्या. साहेब स्वतः काही आणतात हे विभागाने पहिल्यांदाच पाहिलं.

मे महिन्यातल्या एका रविवारी सकाळी जिजाजी आणि ताई माझ्याकडे पोहे खायला आले. जिजाजींच्या हातात प्लास्टिकचा फोल्डर होता, एक्स-रे ठेवतात तसा. बसल्या बसल्या त्यांनी त्यातून एक कागद काढून माझ्यासमोर ठेवला.

"बघा, इंजिनियर बाई. आता बोला."

मी त्यांच्यापेक्षा अकरा वर्षांनी लहान, पण नोकरी लागल्यापासून ते मला इंजिनियर बाईच म्हणतात. कागदावर दोन रेघा होत्या, खाली काळी आणि वर लाल. काळी म्हणजे आधीची गाडी, लाल म्हणजे ट्यूनिंग केल्यानंतरची. लाल रेघेच्या टोकाशी ठळक अक्षरांत छापलं होतं की अठ्ठावीस हॉर्सपॉवर वाढली.

"काय काय केलं?" मी विचारलं.

"सायलेन्सर बदलला, एअर फिल्टर बदलला, आणि गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये नवीन प्रोग्राम टाकला. इंजिनचा दिमागच बदलून दिला म्हणा ना."

मी पोह्यांची बशी बाजूला सरकवली. ज्या इंजिनात हवा दाबून भरणारा टर्बो असतो, त्याचा प्रोग्राम बदलून ताकद खरंच बरीच वाढवता येते, ते मी स्वतः केलेलं आहे. जिजाजींच्या गाडीला टर्बो नव्हता, आणि सायलेन्सर-फिल्टरने मुख्यतः आवाजच बदलतो. ते इंजिन स्वतःच्या दमाने जेवढी हवा ओढेल तेवढीच त्याची ताकद. ज्यांनी ते बनवलं त्यांनी त्यातून निघण्यासारखं बहुतेक सगळं आधीच काढून घेतलेलं असतं. त्यात एका रात्रीत अठ्ठावीस, म्हणजे आमच्या साहेबांच्या हिशेबाने चौदा वेळा कचोऱ्या.

मी कागदाच्या तळाशी असलेली बारीक अक्षरं वाचायला लागले. कामामुळे ती सवय लागली आहे, मी औषधाच्या बाटलीवरचंही आधी तळाचं वाचते.

"जिजाजी, ही काळी रेघ कधीची?"

"गेल्या आठवड्यात शनिवारी दुपारी गाडी नेली ना, तेव्हाची."

"आणि लाल?"

"दुसऱ्या दिवशी सकाळची. रात्रभर गाडी तिथेच होती."

"मग इथे पाहा. शनिवारी दुपारी तीन वाजता तापमान पंचवीस अंश. रविवारी सकाळी साडेनऊला एक्केचाळीस."

"बरं. मग?"

"मे महिन्यात, इंदूरला, दुपारी तीन वाजता पंचवीस अंश?"

जिजाजींनी क्षणभर विचार केला. "एसी असेल त्यांच्याकडे."

"आणि सकाळी एक्केचाळीस व्हावं म्हणून बंद केला?"

ताई खोकल्याचं निमित्त करून स्वयंपाकघरात गेली.

मी त्यांना समजावलं. गरम हवा विरळ असते, त्यामुळे इंजिनाची ताकद कमी भरते. म्हणून मोजयंत्र तापमान विचारतं आणि गरम दिवशी निघालेल्या आकड्यात थोडी भर घालतं, म्हणजे मे महिन्यातल्या गाडीवर अन्याय होत नाही. इथे तापलेल्या दुपारी यंत्राला थंडी आहे असं सांगितलं गेलं आणि गार सकाळी ऊन आहे असं. आधीचा आकडा खाली राहिला, नंतरचा वर गेला. यात इंजिनाने वेगळं असं काहीच केलेलं नसेल.

"तुम्ही त्या गाडीत बसलात का?" जिजाजी म्हणाले. त्यांचा आवाज चढला होता. "एकदा बसून पाहा. ॲक्सिलेटर दाबला की पाठ सीटला चिकटते."

"पाठ चिकटणं म्हणजे मोजमाप नाही ना, जिजाजी."

"तुम्हा कारखान्यातल्या लोकांना वाटतं, बाहेर कुणाला काही येतच नाही."

त्यांनी कागद फोल्डरमध्ये ठेवला आणि राहिलेले पोहे संपवले. मी आत गेले तर ताई चहा गाळत होती. ती हळूच म्हणाली, "राहू द्यायचं ना गं. इतक्या वर्षांत स्वतःसाठी ही एकच चीज घेतली त्यांनी. खुश आहेत, तर राहू दे खुश." मला वाईट वाटलं. पण चहा पिईपर्यंत माझ्या डोक्यात तो एक्केचाळीसचा आकडाच घोळत होता, हेही खरं.

मंगळवारी जिजाजींचा फोन आला. "मी त्या ट्यूनिंगवाल्याशी बोललो. तो म्हणतो, मॅडमला घेऊन या, समोर करून दाखवतो. शनिवारी चला. एकदा होऊनच जाऊ दे."

वर्कशॉप बायपासला लागून होतं. मी मनाशी एक लबाड माणूस तयार करून गेले होते, आणि समोर आला तो तिशीतला, अतिशय नम्र गृहस्थ. चष्मा, काळे हातमोजे, शर्टाच्या खिशात दोन पेनं. जमीन इतकी स्वच्छ की चप्पल काढावी की काय असं वाटलं. मधोमध जमिनीत दोन लोखंडी रोलर बसवलेले होते. गाडीची मागची चाकं त्यांच्यावर ठेवायची, गाडी पट्ट्यांनी बांधायची आणि जागच्या जागी पळवायची. चाकं रोलरला किती जोराने फिरवतात त्यावरून ताकद निघते.

"मैडम, आप पूछिए, जो पूछना है," तो म्हणाला.

मी विचारलं. त्या शनिवारी दुपारी गाडी आली तेव्हा इंजिन तापलेलं होतं का? हो, डॉक्टरसाब ट्रॅफिकमधून आले होते, लगेच बांधली. बॉनेट? बंद होतं. पंखा? त्या वेळी लाइट गेली होती, जनरेटरवर फक्त मशीन चालतं. आणि सकाळी? सकाळी गाडी रात्रभर उभी राहून थंड झालेली, बॉनेट उघडं, समोर मोठा पंखा. तापमान? यंत्राचा सेन्सर बिघडलेला होता, म्हणून आकडा हाताने टाकायचा. कंपनीकडून यंत्र आलं तेव्हा तिथे पंचवीस लिहिलेलं होतं, ते तसंच राहिलं. संध्याकाळी त्याच्या लक्षात आलं की दिवसभर एक्केचाळीस होतं, मग त्याने ते दुरुस्त केलं.

"दुपारचा आकडा संध्याकाळी टाकला आणि मोजलं सकाळी?"

"जी," तो म्हणाला. "हर गाड़ी का ऐसे ही होता है, मैडम. शाम को काम करते हैं, सुबह रन लेते हैं."

हे त्याने इतक्या सरळपणे सांगितलं की माझा सगळा आवेश ओसरला. हा माणूस कुणाला फसवत नव्हता. आलेली प्रत्येक गाडी तो तापलेली मोजायचा, थंड झाल्यावर पुन्हा मोजायचा आणि प्रत्येक गाडी सकाळी जास्त भरायची. आपल्या हाताला यश आहे असं त्याला वाटत होतं, आणि तसं वाटायला त्याच्याकडे छापील पुरावा होता.

मी म्हटलं, आज आपण एकाच तासात सगळं करू. बॉनेट उघडं, पंखा चालू, टायरमधली हवा एकसारखी, इंजिनाच्या तेलाचं तापमान तेच. भिंतीवर एक साधा थर्मामीटर होता, त्याच्यावरचा आकडा यंत्रात टाकला. आधी गाडीचा मूळ प्रोग्राम घालून तीनदा मोजायचं, मग ट्यूनिंगचा घालून तीनदा, आणि शेवटी पुन्हा मूळ घालून एकदा. मधल्या वेळात हवामान बदललं नाही ना, हे त्या शेवटच्या मोजणीवरून समजतं. ही शेवटची मोजणी माझाच हट्ट होता.

जिजाजी कोपऱ्यातल्या खुर्चीवर हात जोडल्यासारखे बसले होते. दवाखान्यात दाढ काढायला आलेले लोक तसेच बसतात. प्रत्येक वेळी गाडी गर्जायची, पत्र्याचं छप्पर थरथरायचं आणि पडद्यावर एक रेघ वर चढायची. सगळं झाल्यावर त्याने साती रेघा एकावर एक ठेवल्या. त्या वेगळ्या ओळखूच येईनात. ट्यूनिंगच्या तीन रेघा मूळच्या चारींपेक्षा सरासरीने दोन हॉर्सपॉवर वर होत्या, आणि मूळच्या चारींमध्ये आपापसातच तीनचा फरक होता.

ट्यूनिंगवाल्याने चष्मा काढून पुसला, पडद्याकडे पाहिलं, पुन्हा पुसला.

"दो," तो म्हणाला.

"कदाचित दोन," मी म्हटलं. "कदाचित शून्य."

जिजाजींनी घसा साफ केला. "आवाज तो यही रहेगा ना?"

"जी डॉक्टरसाब. आवाज तो सायलेंसर का है."

"बस मग," जिजाजी म्हणाले आणि उठले.

त्याने आम्हाला आग्रहाने चहा पाजला. तोवर गाडीच्या पट्ट्या सोडून झाल्या. मला जिंकल्याचा आनंद व्हायला हवा होता, पण जिजाजींच्या चेहऱ्याकडे बघवत नव्हतं. बाहेर आल्यावर त्यांनी किल्ली माझ्यापुढे धरली. "तुम्ही चालवा. निदान एकदा बसून तर पाहा."

सुपर कॉरिडॉरचा रुंद रस्ता दुपारी मोकळा होता. मी दुसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलेटर दाबला. मागून तो घनघोर आवाज उठला, खांद्यांना धक्का बसला आणि पाठ खरंच सीटला चिकटली. मी परत एकदा दाबला. वरच्या वेगात इंजिन एकदम मोकळं होत होतं, जणू कुणी दार उघडून दिलं. मी अठरा वर्षं इंजिनं मोजते आहे, माझ्या कानांना आणि पाठीला एवढं तरी समजतं, असं मला त्या क्षणी अगदी मनापासून वाटलं.

"जिजाजी," मी म्हटलं, "रोलरवर दिसत नाही, पण वरच्या टप्प्यात काहीतरी फरक आहे खरा. त्याने प्रोग्रामचं काम बरं केलंय."

जिजाजींचा चेहरा असा उजळला की मला माझंच कौतुक वाटलं. "मी काय सांगत होतो? तुम्ही ऐकतच नव्हता!"

त्यांचा फोन वाजला. पलीकडे ट्यूनिंगवाला होता. जिजाजींनी स्पीकर लावला.

"डॉक्टरसाब, माफ़ करना, एक बात रह गई. मैडम ने आख़िरी रन ओरिजिनल पर करवाया था ना, तो गाड़ी में अभी ओरिजिनल ही है. ट्यूनिंग वाला डालना है तो वापस आ जाइए, दस मिनट का काम है."

मी गाडी बाजूला घेतली. तिथे उसाच्या रसाची एक हातगाडी उभी होती, हे बरं झालं, कारण आम्हा दोघांनाही कुठेतरी पाहायला हवं होतं. तो शेवटचा रन माझ्याच हट्टाने झाला होता. गाडीत कुठला प्रोग्राम आहे हे माझ्याइतकं दुसऱ्या कुणाला माहीत असायला हवं होतं? मी चहा पीत होते तेव्हा त्याने परत बदलला असेल, असं मी धरून चालले. आणि धरून चालल्यावर मला इंजिनात उघडलेलं दारसुद्धा सापडलं.

कान तापले होते. जिजाजी आता काय बोलतील याची मी वाट पाहत होते. ते खाली उतरले, दोन ग्लास रस सांगितला, एक माझ्या हातात दिला आणि मग हसायला लागले. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले.

"माझ्याकडे रोज होतं हे," ते म्हणाले. "रात्रभर दाढेने तळमळलेला माणूस येतो, खुर्चीवर बसतो, मी लाइट लावतो, आणि तो म्हणतो, डॉक्टरसाहेब, दुखणं थांबलं. मी अजून हातसुद्धा लावलेला नसतो."

"मग तुम्ही काय करता?"

"काय करणार? तोंड उघडायला सांगतो. दाढ तर किडलेलीच असते ना."

परत जायचं की नाही यावर आमचं तिथेच बोलणं झालं. जिजाजी म्हणाले जाऊ, म्हणून गेलो आणि त्याने ट्यूनिंगचा प्रोग्राम परत घातला. मी विचारलं कशाला, तर म्हणाले, "दोन तर दोन. झाले तर आपलेच झाले." परत येताना गाडी त्यांनी चालवली, चाळीसच्या वेगाने. मला काही वाटतंय का हे त्यांनी विचारलं नाही, आणि मीही मत दिलं नाही.

ताईला आम्ही सगळं सांगितलं. माझ्या फजितीचा भाग तिने दोनदा ऐकून घेतला.

पुढच्या आठवड्यात ट्यूनिंगवाल्याने मला फोन केला. तुम्ही केलं तसं मोजायचं कसं, ते लिहून द्याल का, असं विचारत होता. मी त्याला एका पानावर मुद्दे लिहून दिले. इंजिनाचं तापमान, बॉनेट, पंखा, टायर, तीन-तीन वेळा मोजणं, शेवटी परत मूळ प्रोग्राम. त्याने नवा सेन्सर मागवला आणि ते पान लॅमिनेट करून भिंतीला लावलं. मला फार बरं वाटलं. विभागात मी हा किस्सा सांगितला, सुपर कॉरिडॉर वगळून.

दिवाळीच्या सुमाराला माझ्या गाडीचं व्हील अलाइनमेंट करायला मी मुद्दाम त्याच्याकडे गेले. रोलरवर प्लायवूडचा जाड तक्ता टाकलेला होता आणि त्याच्यावर एक पांढरी गाडी धुतली जात होती.

"मशीन ख़राब है?" मी विचारलं.

"नहीं मैडम, मशीन एकदम बढ़िया है." तो जरा ओशाळला. मग त्याने सांगितलं. दोन महिने त्याने माझ्या पानाबरहुकूम मोजलं. ग्राहकांच्या कागदावर चार यायचे, कधी दोन, एकदा तर एक कमीच झाला. टर्बोच्या गाड्यांचे आकडे चांगले यायचे, पण तशा गाड्या त्याच्याकडे कमी. लोक कागद हातात घेऊन भांडायचे. पलीकडच्या रस्त्यावर एक नवं दुकान उघडलं होतं, तिथे तीस-तीस मिळत होते.

"फिर?"

"फिर मैंने कागज़ देना बंद कर दिया. अब मैं नंबर बोलता ही नहीं. पूछते हैं कितना बढ़ेगा, तो बोलता हूँ, आप चला के देखिए, गाड़ी ख़ुद बता देगी."

"और?"

"सब खुश हैं, मैडम." त्याने हे अगदी गंभीरपणे सांगितलं. "पहले से ज़्यादा गाड़ियाँ आ रही हैं."

आम्ही बोलत असतानाच पंचविशीतला एक ग्राहक आपली गाडी घ्यायला आला. तो एक चक्कर मारून परतला आणि खाली उतरताच त्याने ट्यूनिंगवाल्याचा हात दोन्ही हातांनी धरला. "भिया, क्या चीज़ बना दी! एकदम अलग गाड़ी हो गई!" ट्यूनिंगवाल्याने नम्रपणे मान झुकवली. त्या मुलाने माझ्याकडे पाहून विचारलं, "मैडम, आप भी यहीं से करवाती हैं?"

ट्यूनिंगवाला माझ्याकडे बघत होता. काहीही खोटं बोलायची मला गरज नव्हती.

"हाँ," मी म्हटलं. "अलाइनमेंट."